साहेबांचं पथ्य

वजनकाट्यावर माणूस एकटाच उभा असतो, अशी माझी जवळजवळ सगळी नोकरी होईपर्यंत समजूत होती. पंचफुलाबाईंनी ती मोडली.

मी तालुक्याच्या एका रुग्णालयात आहार सल्लागार होते. या पदाच्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. कुणी ‘डाएटवाल्या मॅडम’ म्हणायचं, कुणी ‘पथ्यवाली बाई’, आणि एक खडूस आजोबा तर तोंडावर ‘उपाशी मारणारी’ म्हणायचे. माझी खोली एक्स-रेच्या दाराला लागून होती. त्यामुळे येणाऱ्यांतले निम्मे लोक छातीचा फोटो कुठं निघतो हे विचारायला यायचे आणि काट्यावर उभं राहून जायचे. फुकटचा काटा दिसला की आमच्याकडचा माणूस चप्पल काढतोच.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ सांगणं. ते काम तर शेजारीणही करते. आमचं खरं काम एकच प्रश्न विचारणं आणि मग गप्प बसणं. प्रश्न असा: काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय खाल्लं? समोरचा माणूस आठवून आठवून सांगतो, आणि त्याच्या सांगण्यातून त्याचं वजन कुठून आलं ते शोधायचं. पण गंमत अशी की सांगण्यातून ते जवळजवळ कधीच सापडत नाही. माणसं खोटं बोलत नाहीत. ती फक्त ज्याला खाणं समजतात तेवढंच सांगतात.

शिरपूरचे एक किराणा दुकानदार होते. दिवस मावळायच्या आत जेवणारे, तेल-तुपाला बेतानं हात लावणारे. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून वजन उतरवायचं होतं आणि ते तसूभर हलत नव्हतं. एकदा मी शिरपूरला गेले असताना त्यांच्या दुकानात सहज बसले. तेवढ्या वेळात त्यांनी गुळाचा खडा, दोन जातींचे शेंगदाणे, चिवडा आणि पुन्हा गूळ तोंडात टाकला. मी म्हटलं, “शेठ, हे तुम्ही मला सांगितलं नाही.” ते खरोखर चकित झाले. “हा माल पाहून राह्यलो मी. हे खानं थोडीच हाये? धंदा हाये.”

जऊळक्याचा एक तरुण लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून उपास धरायचा, आणि उपासाला परातीनं साबुदाणा. त्याचंही उत्तर ठरलेलं होतं, “उपासाचं कायले मोजता मॅडम?”

चव बघितलेलं, प्रसादाचं, उपासाचं, चहाबरोबरचं आणि लेकरांनी ताटात टाकलेलं, हे सगळं आमच्या लोकांच्या हिशेबानं तोंडाला न लागता पोटात जातं. हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. शिकले असं वाटत होतं, तेवढ्यात मेडशीच्या पंचफुलाबाई आल्या.

बरोबर त्यांची सून होती, प्रज्ञा. शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात या दोघीच. पंचफुलाबाईंचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. ते काही वर्षांपूर्वी ड्युटीवरून घरी आले आणि जेवायच्या आधीच छातीत कळ येऊन गेले. बाई त्यांना ‘साहेब’ म्हणायच्या.

बाईंना शुगर होती आणि बेंबीजवळ हर्निया होता. पोटाची भिंत फाटून आतडं बाहेर यायचं, हातानं दाबलं की आत जायचं. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं की वजन उतरवा, मग ऑपरेशन करू. इतक्या चरबीत टाके धरणार नाहीत. आणि उशीर केला, आतडं बाहेर अडकून बसलं, तर मात्र जिवावर बेतेल. म्हणजे वजन उतरवणं ही त्यांच्यासाठी हौस नव्हती. एखाद्या दिवशी आतडं अडकण्याच्या आत ते उतरायला हवं होतं.

मी त्यांना काट्यावर उभं केलं. आमचा काटा आकड्यांचा. माणूस स्थिर झाला की आकडा थांबतो. त्यांचा थांबेना. वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. मी पाहिलं तर बाई काट्याच्या एका कडेला उभ्या होत्या, शेजारी जागा सोडून.

“पंचफुलाबाई, मधात उभ्या राहा.”

“मधातच हावो ना मी,” त्या म्हणाल्या. अगदी सरळपणानं.

मी नेहमीसारखंच सांगितलं. एकदम सगळं सोडायचं नाही. आधी ताट लहान करा. अर्ध्या ताटात भाजी, मग वरण, मग एक भाकर. वाढून घेतलं तेवढंच, दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. ती सवय अंगवळणी पडली की पुढची लावू. त्यांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. पुढच्या वेळी विचारलं तर कालचं जेवण धडाधडा सांगितलं. एकच भाकर, अंबाडीची भाजी, वरण. माझ्या कागदावरचं जेवण जसंच्या तसं. आणि वजन वाढलेलं.

त्याच्या पुढच्या वेळी आणखी वाढलेलं.

“मॅडम, आई चोरून खाऊन राह्यल्या,” प्रज्ञा म्हणाली, आणि बाईंच्या समोरच म्हणाली. “मी सकाळी शाळेत जाते ते संध्याकाळी येते. दोन बायांच्या घरात तीन मानसांचं पीठ संपते. तिसरं कोन हाये आमच्याकडं?”

पंचफुलाबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीकडे पाहत बसल्या. साठीच्या बाईवर सुनेनं परक्यासमोर चोरीचा आळ घ्यावा, याचं मला फार वाईट वाटलं. प्रज्ञाही काही दुष्ट नव्हती. ती घाबरली होती.

माझी एक पद्धत होती. प्रश्नातून काही सापडलं नाही की मी घरी जाऊन एक जेवण बघायची. सल्ला द्यायचा नाही, नुसतं बसायचं. मी मेडशीला गेले ती शाळेच्या दिवशी, दुपारची. सुगी नुकतीच आटोपली होती, रस्त्याच्या कडेला मळणीनंतरचा भुसा, सोयाबीनचं कुटार पडलेलं. घर साधं, झाडलेलं-पुसलेलं. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्या खाली खाकी कपड्यातला साहेबांचा फोटो. त्याला हार नव्हता.

बाई भाकरी थापत होत्या. मी मनातल्या मनात पीठ जोखत होते. भाजीला तेल जरा सढळ होतं, पण वजन वाढावं इतकं नाही. आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो. तेवढ्यात बाहेर रस्त्याच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजला. आखूड, लागोपाठ.

“आले,” बाई म्हणाल्या.

मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. बाईंनी फळीवरून एक मोठं ताट काढलं, पुसलं आणि वाढायला घेतलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वरण, ठेचा, कांदा आणि काठावर एक हिरवी मिरची. खिडकीखाली पाणी शिंपडून ते ताट ठेवलं, वर दुसरं ताट झाकलं, तांब्या ठेवला. मग त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि मलाही हातानं खूण केली.

“जेवताना त्यायच्याकडं पाह्यलेलं त्यायले चालत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “चिडतात.”

मी पाठ केली. का केली, ते मला आजही सांगता येणार नाही. मी देवाधर्माची फारशी नाही आणि भुताखेतांची तर मुळीच नाही. पण त्या घरात, भर उन्हाच्या वेळी, आम्ही दोघीच असताना मला मान वळवायची भीती वाटली. स्पष्ट भीती. पाठीमागे कुणीतरी सावकाश जेवतंय, घाई नाही, ड्युटी संपलेली आहे, असं वाटत राहिलं. बाई मला साहेबांच्या सवयी, आवडीनिवडी सांगत होत्या. ड्युटीवरून येताना वळणावर दोनदा हॉर्न द्यायचे, तो ऐकला की ताट वाढायला घ्यायचं. मिरची भाजून नाही, कच्चीच. देठ कधी टाकायचे नाहीत, ताटाच्या काठावर ठेवायचे. जेवण आवडलं की देठ उभा, नाही आवडलं की आडवा. तोंडानं कधी काही म्हणायचे नाहीत.

थोड्या वेळानं त्या उठल्या. “झालं त्यायचं.” त्यांनी झाकण काढलं. ताट जसंच्या तसं होतं. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

“आज काही खाल्लं नाही,” बाई म्हणाल्या. “पाहुने हायेत म्हनून.”

आणि त्या त्याच ताटावर बसल्या. दोन भाकरी, भाजी, वरण, ठेचा, सगळं संपवलं. शांतपणे, न चुकता, कामासारखं. ताट घासून ठेवलं. हात धुतले. मग कपाटातून मी सांगितलेलं लहान ताट काढलं. अर्ध्या ताटात भाजी, वरण, एक भाकर.

“आता माह्यं,” त्या म्हणाल्या.

“पंचफुलाबाई, मग ते आधीचं काय होतं?”

“ते त्यायचं उष्टं हाये मॅडम. फेकाचं का?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका नवऱ्याच्या आधी जेवत नसत. तो जेवून उठला की त्याच्याच ताटात बसत, त्यानं ठेवलेलं, गार झालेलं संपवत आणि मग लागलं तर आपलं वाढून घेत. माझी आईही तशीच जेवली. उष्टं संपवणं हे जेवण नव्हतं, ते आवरणं होतं. मी ‘काय खाल्लं’ असं विचारत होते, त्यामुळे मला ते ऐकू येणारच नव्हतं. बाई एका शब्दानंही खोटं बोलल्या नव्हत्या.

मी विचारलं, हे पितरांसारखं का? तशा त्या ताठ झाल्या. “नाही. आमच्यात पितर, पान, कावळा काही नाही. माह्या सासऱ्यानं छप्पनच्या दीक्षेच्या वक्ती सोडलं ते सोडलं. मी पान मांडत नाही. मी जेवाले वाढते. त्या दिवशी ते जेवल्याबिगर गेले, मॅडम. वाढून ठेवलेलं तसंच राह्यलं.”

मी परत निघाले. मघाचा हॉर्न दुपारच्या एसटीचा, म्हणजे ती निघून गेली असणार, म्हणून थांब्यावर पुढच्या गाडीची चौकशी केली. तिथल्या पानवाल्यानं सांगितलं, “दुपारची अजून आलीच नाही. बसा, येईल.” ती खरंच बऱ्याच वेळानं आली. हॉर्न ट्रकचा असेल. रस्त्यावर ट्रक काय थोडे असतात? मी सगळ्या वाटेत स्वतःला हेच सांगत होते.

प्रज्ञाला मी खरं ते सांगितलं, कारण सासूवरचा आळ निघायला हवा होता. ती फोनवर रडली. मग विज्ञानाच्या मास्तरणीनं जे करावं तेच तिनं केलं. कारण सापडलं, कारण काढून टाकलं. साहेबांचं ताट बांधून तिनं शाळेच्या कपाटात नेऊन ठेवलं.

त्या आठवड्याच्या अखेरीला पंचफुलाबाईंना रिक्षातून आणलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. घरात भाकरी व्हायची, भाजी व्हायची आणि दोन्ही तशीच राहायची. शुगरच्या गोळ्या मात्र चालू. चक्कर येऊन पडल्या होत्या. पडताना हर्नियावर ताण आला आणि आतडं आत घालताना डॉक्टरांना घाम फुटला. सर्जन म्हणाले, “वजन असं उतरवायला सांगितलं होतं का? या अशक्त बाईला मी भूल देऊ?”

मी खाटेशेजारी बसले. “का जेवत नाही?”

“ते जेवल्याबिगर मी कशी जेवू?” एवढंच म्हणाल्या. हट्ट नव्हता त्यात. माहिती दिल्यासारखं सांगत होत्या. आयुष्यात एकदाही त्या आधी जेवल्या नव्हत्या. घास कुठून सुरू करायचा हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

ताट ठेवलं तर वजन वाढणार आणि आतडं अडकणार. ताट काढलं तर बाई उपाशी मरणार. मग माझ्या तोंडून सवयीचा प्रश्न गेला, पण दुसऱ्याच माणसाबद्दल.

“साहेबांची शुगर किती असायची?”

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले. “लय. पोट तं इतकं.” हातानं दाखवलं. “स्टँडावरचे आलूबोंडे काही सोडले नाही त्यायनं. डॉक्टरनं पथ्य सांगितलं व्हतं. एक दिवस पाळलं नाही.”

“मग आता पाळायला लावू.”

प्रज्ञानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू माझीच तपासणी व्हायला हवी. पण मी कागद घेतला आणि माझ्या नोकरीत ज्याला काट्यावर उभं करता येत नाही अशा एकाच माणसाचं पथ्य लिहिलं. दुपारी अर्धी भाकर. वरणाला फोडणी नाही. पालेभाजी भरपूर, काकडी. ठेचा बंद.

“मिरची ऱ्हाऊ द्या,” बाई उठून बसत म्हणाल्या. “मिरची नसंल तं ते उठून जातीन.”

“एक मिरची.”

“बरं. एक.”

दुसऱ्या कागदावर बाईंचं लिहिलं. अर्धी भाकर, वरण, भाजी. दोन्ही ताटं मिळून एक जेवण होत होतं. बाईंना ते कळलं असेलच, त्या भोळ्या नव्हत्या. पण त्यांनी आधी साहेबांचा कागद उचलला आणि पदरात बांधला.

ताट शाळेतून परत घरी आलं. त्यानंतरच्या भेटी मी कधी विसरणार नाही. इतर पेशंट स्वतःच्या कुरकुरी सांगतात. पंचफुलाबाई नवऱ्याच्या सांगायच्या. “त्यायले वरन फिक्कं लागून राह्यलं.” “काल ताटाकडं पाह्यलंच नाही.” “आता थोडी सवय झाली म्हना.” मी गंभीर चेहऱ्यानं सल्ला द्यायची, वरणात लसूण ठेचून घाला, लिंबू पिळा. बाहेर बसलेल्यांना वाटायचं, यजमान घरी झोपून असतील. आणि वजन उतरू लागलं. हळूहळू, जसं उतरायला हवं तसं. बाई मात्र काट्यावर अजून कडेलाच उभ्या राहायच्या आणि आकडा थांबायला वेळ घ्यायचा. मी ‘मधात उभ्या राहा’ म्हणणं सोडून दिलं होतं.

प्रज्ञाही बदलली. सुटीच्या दिवशी एकदा मला म्हणाली, “मॅडम, हॉर्न मलेही ऐकू येते.” मग म्हणाली, “एसटी बंद असली तरी येते. मी आता कारन शोधत नाही. मी पानी शिंपडते.”

सर्जननी पोट दाबून पाहिलं, कागद पाहिले आणि तारीख दिली. ऑपरेशन झालं. टाके धरले. बाई घरी गेल्या.

शेवटच्या तपासणीला त्या एकट्याच आल्या, एसटीनं. अंगावर नवं लुगडं होतं. काट्यावर चढल्या आणि मी पाहतच राहिले. बाई मधोमध उभ्या होत्या. आकडा एकदाच आला आणि थांबला. हललाच नाही.

मी नवा कागद लिहिला. सवयीनं दुसराही पुढं ओढला. “साहेबांचं तेच ठेवू की काही बदलायचं?”

“त्यायचा कागद नका लिहू,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“सोमवारी झाकन काढलं तं ताट रिकामं व्हतं.”

मी पेन खाली ठेवलं. मला आठवतं, बाहेर एक्स-रेच्या दाराशी कुणाचं तरी लेकरू रडत होतं आणि तो आवाज मला फार बरा वाटला. मी विचारायचं ते सगळं विचारलं. मांजर? “झाकन जागेवर व्हतं.” प्रज्ञा? “शाळेत.” तुम्हीच खाल्लं असेल, लक्षात नसेल? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “मॅडम, इतकी वर्सं मी त्यायचं उष्टं खाल्लं. खाल्लं का नाही, मले नाही समजनार? बोटं फिरोलेली व्हती ताटात. भाजी नाही, वरन नाही. मिरचीचा देठ तेवढा काठावर.”

“आडवा?” मी विचारलं.

“उभा.”

त्यांनी डोळे पुसले आणि मला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ मोकळ्या आवाजात म्हणाल्या, “उपाशी गेले व्हते. आता जेवून गेले. माह्यासाठी काही ठेवलं नाही, मॅडम. जिंदगीत पहिल्यांदा काहीच ठेवलं नाही.”

त्यानंतर हॉर्न वाजला नाही, हे मला प्रज्ञानं नंतर सांगितलं. काय झालं असेल याची कारणं मी पुष्कळ शोधली. एक-दोन सापडलीही, पण पटली नाहीत. त्या वेळी मात्र माझ्याजवळ एकच गोष्ट होती, माझ्या धंद्याचा तो एक प्रश्न. तोच मी विचारला आणि गप्प बसले.

“मग त्या दिवशी, सकाळी उठल्यापासून, तुम्ही काय काय खाल्लं?”

पंचफुलाबाईंनी आठवून आठवून सांगितलं. सकाळी चहा, बिनसाखरेचा. दुपारी अंबाडीची भाजी. वरण. एक भाकर.

“अन् मॅडम,” त्या म्हणाल्या, “भाकर गरम व्हती.”